परातीतली बाराखडी

मार्तंडने तख्तीवरच्या ‘अलिफ’वर बोट ठेवलं आणि वडिलांच्या डोळ्यांकडे पाहिलं. डोळे मिटलेले. बोट ‘बे’वर नेलं. डोळे मिटलेलेच. सगळी ओळ संपली तरी दिनकररावांच्या पापण्या काही उघडल्या नाहीत.

“दादा, पाहिजे ते अक्षर आलं की मगच डोळे मिटायचे!” तो मोठ्यानं म्हणाला. अर्धांगाचा झटका आल्यापासून घरातला जो तो त्यांच्याशी ओरडूनच बोले, जणू गेले होते ते कानच.

उर्दू अक्षरांची ही लाकडी तख्ती त्यानं परभणीहून मुद्दाम रंगवून आणली होती. दिनकररावांची उमर कचेरीत साहेबापुढं कागद मांडायची पेशकारी करण्यात गेली, आणि निजामाच्या कचेरीत कागद लिहायचा तो उर्दूत. दिवाळीत वाचा आणि उजवा हात गेला, तेव्हा ते डाव्या हातानं पाटीवर वेडंवाकडं का होईना, उर्दूच लिहीत आणि मार्तंड वाचून दाखवी. संक्रांतीनंतर दुसरा झटका आला आणि डावा हातही गेला. सांगायला उरल्या होत्या त्या पापण्या.

“आई, ओळखच गेली त्यांची,” मार्तंड तख्ती भिंतीला टेकवत म्हणाला. “वैद्यबुवा म्हणले ते खरं हाय. आता ह्यात काही ऱ्हायलं न्हाई.”

कस्तुराबाईच्या हातात ताकातल्या कण्यांची वाटी होती. आज तिसरा दिवस. चमचा ओठांपाशी नेला की दिनकरराव ओठ घट्ट आवळून घेत. वैद्य म्हणाला होता, आणखी दोन-तीन दिवस असंच राहिलं तर माणूस हाती लागणार नाही.

“तू पुन्यांदा बोलवून आण त्यांना,” ती म्हणाली.

मार्तंड गेला. ती नवऱ्याकडे बघत बसली. ओळख गेलेल्या माणसाचे डोळे असे नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. डोळे मिटणं वेगळं आणि मिटून घेणं वेगळं. हा माणूस हट्टाला पेटला होता, आणि त्याचा हट्ट तिच्याइतका दुसऱ्या कुणी सोसला नव्हता.

ती उठली. परातीत ज्वारीचं पीठ पसरून तिनं ते तळहातानं सारखं केलं आणि दाराला कडी लावली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, सासू रानात गेली की, दिनकररावांनी तिला अशाच परातीत अक्षरं शिकवली होती. बाराखडी पुरी झाली आणि सासूनं पकडलं. बाईनं वाचलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, असं तिनं बजावलं. तेव्हापासून कस्तुराबाईनं पीठ फक्त भाकरीसाठी घेतलं. पण शिकलेलं काही पुसता येत नाही. कुठं देवळावर, कुठं काडेपेटीवर अक्षरं डोळ्यांत शिरतच, आणि ती चोरासारखी मान फिरवी. दिवाळीत हे अंथरुणाला खिळले तेव्हा तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की आपण अक्षरं वाचली म्हणून झालं. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. आता मात्र तिनं विचार केला, उपाशी राहून तरी हे किती दिवस जगणार आहेत?

“आवं, इकडं बघा,” ती हळूच म्हणाली.

दिनकररावांनी डोळे उघडले.

तिनं पिठात एकेक ओळ काढली आणि अक्षरांवरून बोट नेलं. ‘म’पाशी पापण्या मिटल्या आणि लगेच उघडल्या. काना-मात्रा तीच विचारून लावत गेली. पुष्कळ वेळानं एक नाव झालं : मुंजाजी. मग, बोलाव. मग, मार्तंड नको.

“आं? लेकरानं काय केलं वो तुमचं?” तिला वाईट वाटलं. “रजा टाकून राबायलाय तुमच्यासाठी.”

त्यांनी डोळे तिच्यावरून हलवले नाहीत. पुढचा शब्द आला : धोतर.

आणि तिला सगळं कळलं. तिच्या एकटीच्यानं ते उचलत नसत, म्हणून रोज सकाळी मार्तंडच त्यांचं धोतर सोडून त्यांना पुसून-धुऊन काढी. पोटात काही गेलंच नाही तर धुवायचंही काही उरत नाही. आणि हे सांगायचं कसं? तख्तीवरून वाचणार होता तो मार्तंडच. मुंजाजीचं तसं नव्हतं. तो शेजारचा, त्यांच्याच वयाचा. दोघं लहानपणी एका विहिरीत उघडेनागडे पोहलेले.

“एवढ्यासाठी?” ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. “एवढ्यासाठी मरायला निघालात व्हय?”

त्यांनी एकदा, सावकाश, पापण्या मिटल्या. अक्कल ठिकाणावर होती. लाजसुद्धा ठिकाणावर होती. इतका आनंद कस्तुराबाईला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तिनं कण्या भरवल्या. घटायचं तेवढं आयुष्य घटो. आज तरी ते दोन वाट्यांनी वाढलं होतं.

मार्तंड एकटाच परतला. वैद्य पिंगळीला गेला होता. कडी काढून तिनं त्याला आत घेतलं. परातीतलं पीठ तिनं आधीच सपाट केलं होतं. रिकामी वाटी पाहून तो दारातच थांबला.

“जेवले?”

“दोन वाट्या.” तिनं पदरानं नवऱ्याचे ओठ पुसले. “उद्यापून मुंजाजीभावजीला बोलवायचं. सकाळचं समदं ते करतेल. तू कचेरीत जा, रजा किती दिस पुरवणार?”

“दादांनी सांगितलं?”

“मी सांगायलेय.”

मार्तंडने आईच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटाकडे पाहिलं, मग परातीकडे. वडील त्याच्याकडेच बघत होते. तो काही विचारणार होता, पण खाली उंबऱ्यावर बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

“आई, मी रोज सकाळी त्यांना धुवायच्या आधी हितं थांबायचो,” तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. “देवाला म्हणायचो, आज एवढं माझ्याकडून करून घे, उद्या नको.”

खाटेवरून दिनकररावांच्या घशातून एक आवाज आला. कण्हणं नव्हतं ते, हसू होतं.

मार्तंड उठला. “उद्या कशाला? आत्ताच सांगून येतो मुंजाजीकाकाला,” म्हणाला आणि पायताण न घालताच भर उन्हात निघाला.