सात नंबरची चिकटपट्टी

उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली आणि कारखान्यात तिला सगळे वाघीण म्हणू लागले. बोटं जागेवर होती तोवर तिला ‘ए, सात नंबर’ म्हणत, कारण सात नंबरच्या प्रेसवर ती डब्यांची झाकणं ठोकायची. बढती म्हणायची तर एवढीच.

हाताची मलमपट्टी सुटल्यावर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि चक्क खुर्ची दिली.

“मोठ्या ऑफिसातून पाहुणे येतायत,” ते म्हणाले. “त्यांच्यासमोर तुमच्या हिंमतीचा सत्कार करायचं ठरलंय.”

“माझ्या हिंमतीनं काय केलं?”

“तुम्ही रडत बसला नाहीत.”

ती रडत बसली होती. फक्त ते कारखान्याच्या वेळेत नव्हतं.

शेजारी बसलेल्या कल्याण अधिकारीबाईंनी तिच्या डाव्या हातात भाषण ठेवलं. या बाईंचं हसू सकाळी कामावर आल्या की सुरू व्हायचं आणि सुटी झाली की बंद. भाषण दोन मिनिटांचं होतं. संकट माणसाला घडवतं, अशी सुरुवात होती. वाघिणीला वाटलं, मग साहेबांनीही एकदा प्रेसखाली हात घालून बघावा, थोडेफार घडतील. पुढे लिहिलं होतं, ‘माझ्या क्षणभराच्या दुर्लक्षामुळे हा प्रसंग ओढवला, पण कंपनी माझ्या पाठीशी उभी राहिली.’

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोवर साहेब पुढचं बोलले होते.

“भाषण झालं की सोमवारपासून फाटकाजवळच्या खिडकीत बसायचं. पास द्यायचे. बसून काम, पंखा आहे.”

पंख्यापाशी आग जरा थांबली. उरलेल्या बोटांनी दुसरं कुठलं काम मिळणार होतं?

दुर्लक्षाची गोष्ट अशी. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. मशीन बनवणाऱ्यानं सरळ विचार केला होता, हात बटणांवर असतील तर ठोकळ्याखाली नसतील. दिवसाला किती झाकणं झाली पाहिजेत, तो आकडा त्या भल्या माणसाला कुणी सांगितला नव्हता. दोन्ही हात बटणांवर ठेवून तो आकडा सात जन्मांत गाठता येत नाही. म्हणून एक बटण चिकटपट्टीनं कायमचं दाबून टाकायचं, दुसरं डाव्या हातानं दाबायचं आणि उजव्यानं पत्रा सरकवत राहायचं. सगळ्याच बायका असं करायच्या. चिकटपट्टीची रिळं मुकादम रोज सकाळी स्वतः वाटायचा, पॅकिंगसाठी म्हणून. त्या शेडमध्ये आजवर कुणी एक झाकणसुद्धा पॅक केलेलं नव्हतं.

पट्टी लावली होती तिनंच. हे आठवलं की तिला आणखी राग यायचा आणि तो कुणावर काढावा हे कळायचं नाही. बोटं मोडावीत तर तीही पुरेशी उरली नव्हती.

आता सात नंबरवर तिची धाकटी जाऊ बसत होती.

दोघींचं कधी पटलं नव्हतं. भांड्यांवरून, नळावरून, दोरीवर कुणाचे कपडे आधी यावरून त्यांची भांडणं चालत, आणि विषय संपले की जुने पुन्हा काढत. पण वाघीण घरी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊ कंगवा घेऊन तिच्या मागे येऊन बसली. तेव्हापासून रोज तीच वेणी घालायची. घालायची म्हणजे दोरखंड वळावा तशी.

सत्काराच्या दिवशी सकाळी जाऊ म्हणाली, “जाऊबाई, मान सरळ ठेवा. आज फोटो आहेत.”

“केस उपटतेस का विंचरतेस?”

“दोन्ही. भाषण पाठ झालं?”

“झालं.”

“‘दुर्लक्ष’ म्हणताना जरा खाली बघा. खरं वाटलं पाहिजे.”

“तुला फार पुळका आलाय.”

“का येऊ नये? तुम्ही खिडकीत बसलात की मला पंख्याखाली डबा खाता येईल.” जाऊनं पेड आवळला. “मी आता पट्टीचं टोक दुमडून लावते. पाहुणे आले की पटकन निघते. मुकादम म्हणाला, हुशार आहेस.”

मलाही तो हुशारच म्हणायचा, वाघिणीला आठवलं. डोक्यावर जाऊची बोटं चालली होती, कडक, घाईची.

सत्कार शेडमध्येच होता. मुकादमानं सकाळीच सगळ्या पट्ट्या काढून घेतल्या होत्या. पाहुण्यांना दाखवायला फक्त सात नंबर चालू ठेवलं होतं. जाऊ दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबत होती, इतक्या निवांतपणे की जणू झाकणांना लागेल अशी भीती असावी. पाहुणे माना डोलावत होते. व्यासपीठामागे फलक होता, ‘हिंमतीला सलाम’. तो लोखंडी खांबांना त्याच तपकिरी चिकटपट्टीनं डकवलेला होता. पॅकिंगचं सामान अखेर कामी आलं होतं.

साहेब बोलले. वाघिणीला काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. वर उंचावलेला पंजा, पाचही बोटं शाबूत. ते कुणी निवडलं कोण जाणे. टाळ्या झाल्या आणि तिच्यासमोर माइक आला.

“संकट माणसाला घडवतं,” ती म्हणाली. पुढचं वाक्य तोंडाशी आलं. तिनं खाली बघितलं, जाऊनं सांगितलं होतं तसं. खाली सात नंबर होतं. जाऊ तिच्याकडे बघत होती आणि सवयीनं तिचा उजवा हात बटण सोडून पत्र्याकडे निघाला होता.

वाघिणीनं काचेचा पंजा टेबलावर ठेवला. मागे वळून फलकाची पट्टी ओढली. फलक एका बाजूनं खाली आला आणि ‘सलाम’ साहेबांच्या डोक्यावर लोंबकळू लागला. पट्टी घेऊन ती खाली उतरली.

“बाजूला हो.”

“जाऊबाई, नको,” जाऊ कुजबुजली. “खिडकी जाईल.”

“बाजूला हो म्हणते ना.”

तिनं पट्टी उजव्या बटणावर दाबून चिकटवली. तीन बोटांविना हे काम हळू झालं, त्यामुळे सगळ्यांना नीट दिसलं. मग डाव्या हातानं दुसरं बटण दाबलं. ठोकळा धाडकन खाली आला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यानं आपोआप हात मागे घेतला.

“हे माझं दुर्लक्ष,” ती म्हणाली. माइकची गरज नव्हती. “ते आम्हाला रोज सकाळी रिळावर मिळतं. वाटायला माणूस ठेवलाय.”

साहेब म्हणाले, बाई भावनेच्या भरात आहेत. अधिकारीबाईंचं हसू वेळेआधी बंद पडलं. पाहुण्यांपैकी चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, “हे सगळ्या मशीनवर होतं?”

मुकादमानं एकेकीच्या तोंडाकडे बघून घेतलं.

“होतं,” जाऊ म्हणाली. “रोज.”

मग मागून चार नंबरवालीही म्हणाली, रोज. तिच्यामागून आणखी एक आवाज आला, कुणाचा ते कळलं नाही.

चष्मेवाल्या बाई चौकशी करू म्हणाल्या. चौकशीचं काय होतं ते जगाला ठाऊक आहे. पाहुणे चहा घेऊन गेले. खिडकीत साहेबांचा मेहुणा बसला, दहाही बोटांसकट. वाघिणीला कळवण्यात आलं की तिनं घरी विश्रांती घ्यावी, पुढचं नंतर कळवू. पंजा मात्र घरी पोचवण्यात आला. तिनं तो मोरीपाशी ठेवला, त्यावर भांडी घासायची घासणी बरी अडकते.

तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊ कंगवा घेऊन मागे बसली.

“काल मुकादम पुन्हा रिळं घेऊन आला,” ती म्हणाली. “मी म्हटलं, हात रिकामे नाहीत. दोन्ही बटणांवर होते ना.”

“मग?”

“मग काय, ओरडला. आकडा निम्मासुद्धा झाला नाही. चार नंबरवालीनंही घेतलं नाही. बाकीच्यांनी घेतलं.”

“काढून टाकतील तुला.”

“टाकू देत. मग दोघी घरी भांडू.”

“आकडा निम्मा,” वाघीण म्हणाली. तिचा राग जराही उतरला नव्हता, उतरावा असं तिला वाटतही नव्हतं. पण डोक्यावर जाऊची बोटं फिरत होती आणि ती त्यांवर लक्ष ठेवून होती. “आज चार नंबरवालीशेजारच्या बाईला सांग. तिला म्हणावं, मी सांगितलंय.”

“तुमचं कोण ऐकतं?”

“वाघीण म्हणतात मला.”

जाऊनं पेड इतक्या जोरात आवळला की वाघिणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“दुखतंय गं.”

“दुखू दे,” जाऊ म्हणाली. “सैल घातली तर दुपारपर्यंत सुटते.”