दहाच्या खुणेपासून

मित्रांनो, मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, मापं घेणारी. अंग पोलादी पट्टीचं, घर गोल चामड्याचं. जन्मले कारखान्यात, पण वाढले बंदरावरच्या मोजणी कचेरीत, खाऱ्या वाऱ्याच्या मांडीवर.

होडीचे टन म्हणजे तिचं वजन, असं तुम्हाला वाटतं ना? तसं नव्हे. होडीच्या पोटात जागा किती, ते त्या टनांतून कळतं. लांबी, रुंदी, खोली मी सांगायची. मोजणीदारांनी गणित मांडायचं. वीस टनांच्या आतल्या होड्यांनी किनाऱ्याजवळ जाळं टाकायचं, मोठ्यांनी दूर जायचं. मोठ्यांनीच जवळचं सगळं ओरपलं, तर धाकट्यांनी काय वाळू चाळायची?

म्हाताऱ्या मोजणीदारांचा माझ्यावर भारी जीव. रोज पुसायचे, तेलाचं बोट फिरवायचे. एकदा दोन होड्यांच्या मध्ये सापडून माझं टोक दहा सेंटिमीटर तुटलं. त्यांनी मला टाकलं नाही. दहाच्या खुणेपासून मोजायचं आणि शेवटी दहा वजा करायचे, अशी रीत पाडली. "टोक गेलं म्हणून काय झालं, बाकी अंग खरं आहे," म्हणायचे. निवृत्त होताना ही रीत त्यांनी नव्या मोजणीदारबाईंना तोंडी समजावली. लिहून मात्र कुणीच ठेवली नाही. पुढे तेलाचं बोटही कुणी फिरवेना.

बाई हुशार, पण त्या दिवशी धक्क्यावर होड्यांची रांग लागलेली. नणंद-भावजयीची होडी परवान्यासाठी आली. बाईंनी दहापासून तीन मापं घेतली, आणि तिन्ही वेळा वजाबाकी विसरल्या. मला कळत होतं, पण मला तोंड कुठलं?

"साडेवीस टन," बाई म्हणाल्या. "आता किनाऱ्याजवळ मासेमारी बंद. दूर जावं लागेल."

नणंद घाईनं पुढे आली. त्यांचं इंजिन लहान. दूर गेलं तर परत यायची खात्री नाही.

"अहो, मागच्या खेपेला पावणेएकोणीस होते की!"

"मग होडी वाढवलीत का?"

"वाढेल कशी?" भावजय फणकारली. "लाकूड आहे बाई ते, माझी नणंद नव्हे!"

"अगं मेले, इथं माझा जीव चाललाय आणि तुला थट्टा सुचते?"

पण भावजय थट्टेवर थांबली नाही. डागडुजीसाठी परवाच आणलेली, होडीतच पडलेली चार मीटरची अखंड फळी तिनं होडीच्या या काठापासून त्या काठापर्यंत आडवी टाकली. चपखल बसली! मी मात्र तीच रुंदी दाखवली होती चार मीटर दहा सेंटिमीटर. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर खिळल्या. बाईंचं बोट माझ्या तुटक्या टोकाशी येऊन थबकलं.

"अगं बाई! दहा वजा करायचे राहिलेच! तिन्ही मापांत!"

गणित पुन्हा मांडलं. पावणेएकोणीस. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, माझाही. नणंद हसतही होती आणि पदरानं डोळेही पुसत होती. बाईंनी दोघींची माफी मागितली, चुकीचा कागद फाडला आणि परवान्यावर शिक्का मारला.

त्याच दुपारी त्यांनी मला पुसलं आणि माझ्या घरावर पक्क्या रंगानं लिहिलं, 'दहा वजा करा.'

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर सांभाळा. पण त्यांचं काय तुटलंय, तेही पुढच्या हातांना कळेल असं लिहून ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, आणि आमची उणीव भोगायला लागते ती भलत्याच कुणाला.