निळ्या बाजूची कबुली

मित्रांनो, मी एक जुने हृदय आहे. घाबरू नका, प्लास्टिकचे! कारखान्यात मला अर्धे लाल, अर्धे निळे रंगवले, उघडता यावे म्हणून बिजागऱ्या लावल्या आणि कॉलेजच्या जीवशास्त्र प्रयोगशाळेत धाडले. तिथे विभागप्रमुख सरांनी मला बावीस वर्षे कपाटात जपले. ते पहिल्या वर्षाच्या मुलांना टिपणे उतरवून घ्यायला लावत आणि काचेआडून मला दाखवत. मुले कप्प्यांची नावे घडाघडा म्हणत. आपण किती छान शिकवतो, असे मला वाटे.

यंदा नव्या बाई आल्या. "आधी मुलांच्या डोक्यात काय आहे ते बघू, मग शिकवू," त्या म्हणाल्या.

सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "एक सत्र देतो. शेवटी मी स्वतः प्रश्न विचारीन. जमलं नाही, तर पुन्हा टिपणं."

पहिल्याच तासाला बाईंनी मला टेबलावर उघडून ठेवले. "शिरांमधलं रक्त कोणत्या रंगाचं? लिहा."

शेहेचाळीसपैकी एक्केचाळीस जणांनी लिहिले, निळे. "बाई, हृदयावर तसंच रंगवलंय की!"

मी शरमेने पाणी पाणी झाले. निळा रंग ही कमी ऑक्सिजनचे रक्त ओळखण्याची नुसती खूण, पण इतक्या वर्षांत कुणी विचारलेच नव्हते.

बाई मात्र हसल्या नाहीत. "तपासणीसाठी रक्त शिरेतूनच काढतात ना? नळीत कसं दिसतं? आपापल्या गटात एकमेकांना पटवा." मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. रक्त लालच, फक्त गडद, हे त्यांनीच शोधले. मग रोज असेच चालले. किती बोटे माझ्यावरून फिरली! मला फार सुख वाटे.

सत्र संपताना सर आले. "वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक असेल तर?"

हे टिपणांत नव्हते. बाईंनी मला मुलांपुढे सरकवले. तेवढ्यात सगळे जिला 'मौनीबाबा' म्हणत, ती मुलगी उठली.

"सर, माहीत नाही. पण अंदाज सांगू?" तिने माझ्यावर बोट ठेवले. "डावीकडे दाब जास्त, म्हणून रक्त उजवीकडे घुसेल. फुप्फुसांकडे जास्त रक्त ढकलून ही बाजू थकेल."

सरांनी मला हातात घेतले. "बरोबर. मी हे नुसतं पाठ केलं होतं," ते हळूच म्हणाले. "बाई, पुढचं सत्रही तुमचंच. मागच्या बाकावर मला जागा ठेवा."

मित्रांनो, माझा रंग आता बोटांनी उडू लागला आहे, याचे मला दुःख नाही. आम्हा प्रतिकृतींची निगा जरूर राखा, पण आम्हाला हाताळा. आणि आम्ही दाखवतो ते खरे मानण्याआधी, एकदा आम्हालाही प्रश्न विचारा.