उशिरा येणाऱ्याचा हक्क

आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या सरकारी जंगलात जी रानघरं आहेत, त्यांना कुलूप नसतं. कोणीही यावं, शेगडी पेटवावी, फळ्यांच्या ओट्यावर पथारी पसरावी आणि जाताना पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून ठेवावीत. पैसे नाहीत, किल्ली नाही, विचारणारं कोणी नाही. नियम एकच, आणि तो लहानपणीच आमच्या अंगात मुरवलेला असतो: सगळ्यात शेवटी येणाऱ्याचा हक्क पहिला. जो उशिरा, दमून, गारठून आलाय त्याला शेगडीजवळची जागा द्यायची. आधी येऊन ऊब घेतलेल्यांनी सरकायचं, आणि जागाच नसेल तर उठून पुढच्या रानघराची वाट धरायची. हा नियम मोडणारं माणूस मला या एप्रिलपर्यंत भेटलं नव्हतं. भेटलं ते माझ्याच घरातलं निघालं.

एप्रिलमध्ये बर्फावर कडक पापुद्रा धरतो आणि दिवस लांबलचक होतो. तेव्हा मी आणि माझा नवरा एन्सिओ आमच्या गावाहून, केमियार्वीहून, निघून तळ्याकाठच्या एका रानघरी दोन दिवस राहून येतो. लग्न झाल्यापासूनचा रिवाज आहे. काही लोक दक्षिणेच्या समुद्रावर जाऊन भाजून घेतात. आम्ही स्की बांधतो.

पण ऑक्टोबरात एन्सिओच्या छातीची शस्त्रक्रिया झाली. लाकूडगिरणीत आयुष्य काढलेला आडदांड माणूस, तो घरी आला तो गरम पाण्यात धुतलेल्या लोकरी मोज्यासारखा आटून. तेव्हापासून मला एकच उद्योग राहिला. मिठाची बरणी मी लपवली. तो जिना चढला की मी मागोमाग. टीव्ही बघताना त्याचं मनगट माझ्या हातात. कोणी म्हणेल ही बाई कटकटी आहे, तर आहेच. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना गाजरं खायला लावण्यात जिची हयात गेली, ती आणखी कशी असणार?

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जा की. हळू जा, दम लागला की थांबा, पण जा." मी त्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि सामान बांधलं.

सामानाची घसरगाडी दरवर्षी एन्सिओ ओढतो. या वर्षी तिचा पट्टा मी कमरेला बांधला. त्याच्या पाठीवर फक्त त्याची झोपायची पिशवी आणि थोडं खाणं ठेवलं.

"दे ती इकडे," तो म्हणाला.

"नाही."

"दे म्हणतो ना."

"नाही म्हणते ना."

आमचा संसार साधारण याच भाषेत चालतो. पण त्या दिवशी मी जरा जास्तच केलं असणार. दर वळणावर मागे बघायचं, "छातीत काही होतंय का?" विचारायचं, त्याने मान हलवली तरी थांबायचं. गोठलेली दलदल संपून पाइनचं रान सुरू होतं, तिथे त्याने दोन्ही काठ्या बर्फात रोवल्या.

"हिल्क्का, तू पुढे जा. शेगडी पेटव. मी येतो मागून."

"आणि काही झालं म्हणजे?"

"झालं तर होईल. तू सारखी अशा तोंडाने वळून बघतेस, की मला माझ्याच प्रेतयात्रेत चालल्यासारखं वाटतंय."

माझं डोकं फिरलं. "मग ये मागून! नाहीतर येऊच नकोस!" म्हणाले आणि निघाले. वाट सरळ होती, थोडीच उरली होती, आणि ती त्याला आपल्या अंगणाइतकी ठाऊक होती. तरी पहिल्या चढावरच माझा राग उतरला. मागे वळून बघितलं नाही, कारण तो बघत असला तर फजिती.

रानघरात कोणी नव्हतं. शेगडी पेटवली, बर्फ वितळवून पाणी केलं, घरून आणलेलं वाटाण्याचं सूप गरम केलं आणि दोन वाट्या मांडल्या. तेवढ्यात आभाळ खाली आलं आणि बर्फाची भुरभुर सुरू झाली. बघता बघता समोरची पाइनची झाडं दिसेनाशी झाली. फोनला तिथे कधीच रेंज येत नाही. मी स्वतःला म्हटलं, येईल, येतोच आहे, दम खातोय.

दारावर बूट आपटले. मी धावत जाऊन दार उघडलं, तर सहाजणांचं टोळकं. तळ्याच्या बाजूने आलेलं. दूर दक्षिणेकडच्या लाहती शहरातल्या कुठल्याशा स्की-मंडळाची माणसं होती, सगळी आमच्याच वयाची.

"आलो तर चालेल ना गं?" पुढची बाई ओरडली. तिचं नाव मार्केट्टा. आवाज असा, की छतावरचं बर्फ घसरावं.

"रानघर काय माझ्या बापाचं आहे?" मी म्हटलं. "या, शेगडीजवळ बसा."

सगळी आत आली, बसली, वाफाळली. मोजे दोरीवर चढले, कॉफी झाली. आणि मी? मी एक अक्षर बोलले नाही. माझा नवरा बाहेर आहे, त्याची छाती शिवलेली आहे, हे सांगायला काय झालं होतं मला? पण अनोळखी माणसाला आपली काळजी सांगणं म्हणजे त्याच्या ताटात आपलं उष्टं वाढणं, असं आमच्यात मानतात. लोक सुट्टीवर आलेत, त्यांच्या कॉफीत माती कशाला कालवायची? मी सॉसेजचे काप करत राहिले. इतके बारीक, की मार्केट्टाने विचारलं, कोणाचे दात पडलेत का.

मग तिने आपल्या नवऱ्याची गोष्ट काढली. नवरा काउको, कोपऱ्यात बसलेला, दाराएवढा, आल्यापासून अवाक्षर न बोललेला. सकाळी अरुंद वाटेवर समोरून रेनडिअर आलं, तर म्हणे हा वाट देण्यासाठी बाजूला झाला आणि कमरेपर्यंत बर्फात रुतला. "आणि वरून टोपी काढून त्याला म्हणतो, नमस्कार!" मार्केट्टा ओरडली. सगळे खदखदले. मीही हसले. मान मागे टाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझं हसू मलाच ओळखू येईना. हसले नसते तर हंबरडा फोडला असता.

मार्केट्टा डोळे पुसत म्हणाली, "अगं, ती दुसरी वाटी कोणाची? सूपावर साय धरली."

"नवऱ्याची."

"कुठाय तो?"

"येतोय मागून."

"कधीपासून?"

मी हातातली सुरी खाली ठेवली. "हृदयाचं दुखणं आहे त्याला," मी म्हटलं, आणि मग बांध फुटला.

सहाच्या सहाजण उठले. ओले मोजे पुन्हा पायात, बूट, टोप्या. तेवढा वेळ फक्त जाकिटांच्या चेनी ओढल्याचे आवाज येत होते. मी त्यांच्या आधी बाहेर पडले.

संध्याकाळ झाली होती, पण उजेड होता, करडा, पिठासारखा. मी आलेल्या वाटेने पळणार, तोच काउकोने माझी बाही धरली आणि बोट दाखवलं. खिडकीखाली स्कीच्या खुणा होत्या. अर्ध्या भरलेल्या, पण होत्या. पाइनच्या रानातून सरळ खिडकीपर्यंत आलेल्या.

काउको वाकून बघू लागला. "इथवर आला," तो म्हणाला. "उभा राहिला. मग वळला."

मी ओरडले. "वळला? घर समोर असताना? शेगडी पेटलेली असताना? का वळेल?"

"आत माणसं होती," काउको म्हणाला.

"मग?"

"माणसं होती," तो पुन्हा म्हणाला, त्यात सगळं आलं अशा सुरात. थोड्या वेळाने म्हणाला, "मीही गेलो असतो."

"हा जाईलच!" मार्केट्टा म्हणाली. "हा स्वतःच्या साठीला गोठ्यात जाऊन बसला होता, पाहुणे जाईपर्यंत. इथे जवळपास कुठे आडोसा आहे का गं?"

आडोसा होता. खाली ओढ्याकाठी, तीन भिंती आणि उतरतं छप्पर, समोर दगडांची चूल. दिवसा येणारे लोक तिथे बसून खातात. रात्र काढायची ती जागा नव्हे, आणि त्या वाऱ्यात आजाऱ्याने तर नव्हेच. मी स्की बांधायलासुद्धा थांबले नाही. मांडीपर्यंत रुतत, पडत, उठत धावले. माझ्या मागे लाहतीकर.

आधी धुराचा वास आला. मग जाळ दिसला. जाळापाशी झोपायच्या पिशवीत बगलेपर्यंत शिरून माझा नवरा बसला होता, आणि काडीला लावलेलं सॉसेज फिरवून फिरवून भाजत होता. बर्फातून धडपडत येणारी सात माणसं त्याने बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी उमटली.

"काय झालं?" त्याने विचारलं. "कोणी हरवलंय का?"

जिवंत होता. गाल लाल होते, ओठ लाल होते. माझ्या अंगातलं सगळं बळ पाणी होऊन वाहून गेलं, आणि ते जाताना इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिथेच बर्फात बसकण मारली आणि रडत हसत, हाताला येईल तो गोळा त्याच्या अंगावर फेकत सुटले. "गाढवा! बैला! शंभर माणसांत तुझ्यासारखं एक ध्यान निघणार नाही!"

"सहाजणांत एक आहे," मार्केट्टा म्हणाली, आणि काउकोकडे बघून तिने बाकीच्यांना पिटाळलं. "चला रे, लाकडं फोडायचीत." शहाणी बाई. मागे वळूनही कोणी बघितलं नाही.

"आत भरलं होतं," एन्सिओ म्हणाला.

"ओट्यावर दहाजण झोपतात!"

"मी घोरतो. लोकांची झोपमोड कशाला?"

"नियम कोणासाठी केलाय? रेनडिअरसाठी?"

सॉसेज करपू लागलं तरी तो फिरवेना. मला कळलं, घोरण्याची सबब आहे, खरं कारण अजून पोटातच आहे. नवऱ्यांचं बोलणं खणून काढायला मला चांगलं येतं, पण त्या वेळी मी खणलं नाही. बसून राहिले.

"तू हसत होतीस," शेवटी तो म्हणाला.

"काय?"

"खिडकीतून बघितलं. मान मागे टाकून हसत होतीस. ऑक्टोबरपासून तुला हसताना बघितलं नव्हतं मी." काडी त्याने बाजूला ठेवली. "म्हटलं, मी आत गेलो की थांबेल ते. पुन्हा माझं मनगट धरून बसशील. एक संध्याकाळ तरी तुला माझ्यापासून सुट्टी मिळू दे."

सहा महिने मी त्याला जपत होते, आणि तो बिचारा सहा महिने, मी हसायची थांबले म्हणून स्वतःला दोष देत होता. एकाच घरात. एकाच टेबलाशी.

"मूर्खा," मी म्हटलं, "मी भीतीने हसत होते."

"भीतीने इतकं?"

"मला तसंच येतं."

त्याने सॉसेजचा अर्धा तुकडा माझ्यापुढे केला. "यात मीठ आहे," मी म्हटलं, सवयीने. मग घेतला आणि खाल्ला. त्यालाही खाऊ दिलं.

रानघरी परत आलो तेव्हा शेगडीजवळची जागा मोकळी करून ठेवलेली. एन्सिओ दारातच अडखळला. "नको, मी कडेला पडतो."

"शेवटी आलास, जागा तुझी," मार्केट्टा म्हणाली.

"खरं म्हणजे मी मघाशीच..."

"खिडकीतून येणं मोजत नाहीत. आडवा हो."

तो झाला आडवा. काउकोने आपली उशी त्याच्या डोक्याखाली सरकवली, आणि दोघं गडी एकमेकांकडे न बघता, सख्खे भाऊ असल्यासारखे समाधानाने पडून राहिले. मी एन्सिओच्या शेजारी पथारी टाकली. ठरवलं होतं, आज डोळा लावायचा नाही. दमलाय, थंडी खाल्ली आहे. एवढं ठरवल्याचं आठवतं.

पुढचं आठवतं ते कोणीतरी मला गदागदा हलवत होतं. लख्ख ऊन खिडकीतून ओट्यावर आलेलं. लाहतीकर निघून गेले होते, दाराशी फोडलेल्या लाकडांची रास रचून. एवढ्या माणसांची जाग मला लागली नव्हती. एन्सिओ माझ्यावर ओणवा झालेला, तोंड पांढरंफटक, आणि त्याची बोटं माझ्या नाकाशी.

"हिल्क्का! किती हाका मारल्या! हालेनास, बोलेनास. मला वाटलं..."

"आता कळलं?" मी म्हटलं. "तुझ्या नाकाशी मी असाच हात धरते. तू झोपलास की."

"कधी?"

"रोज रात्री."

तो ओट्याच्या कडेला बसला. हात मात्र त्याने मागे घेतला नाही, माझ्या गालावर तसाच राहू दिला.

"काल नाही धरलास," तो म्हणाला. "तू माझ्याआधीच घोरायला लागलीस."

"काल मला झोप लागली," मी म्हटलं.