लांब दांड्याची पळी

"लय उंचावरून वतायलीस, माय. निम्मी मातीत जायलीय," कडूबाई ओट्याखालून पुटपुटली. मी तिच्या डोक्यावरच होते, म्हणून मला ऐकू आलं.

मित्रांनो, मी मठातली जुनी पितळी पळी. निजामाच्या राज्यात, परभणीकडच्या एका खेड्यात माझी उमर गेली. ताडकळसच्या बाजारातून मला आणलं तेव्हा माझा दांडा वीतभरच होता. मठात गोरगरिबांना जेवू घालत, त्याला दासोह म्हणत. "शिवाच्या दारी विटाळ न्हाई," असं कारभारी बसवंतराव दर सोमवारी सांगत. त्यांनीच लोहाराकडून मला हा लांबलचक दांडा लावून घेतला. म्हणे, आंबील कढत असते, वाढणारीचा हात भाजू नये. त्यांची सून महादेवी ओट्याखाली उभ्या असलेल्यांना माझ्याने वाढायची, ओट्यावरच्या पंगतीला मात्र दुसऱ्या, आखूड पळीने. आंबील तीच, तेवढीच कढत. पण तिथे कुणाला हाताची काळजी नव्हती. पाहुण्यांना माझं भारी कौतुक. मला उचलून बघायचे आणि माना डोलवायचे.

दुष्काळाचं साल होतं. वेशीबाहेरची कडूबाई आजारी सासूसाठी मातीचं परळ घेऊन येई. त्या दिवशी उंचावरची आंबील तिच्या मनगटावर उडाली. कातडी लालबुंद झाली. महादेवी पायरी उतरू लागली.

"वर ये," बसवंतराव म्हणाले.

"हात भाजलाय तिचा, मामंजी."

"परळ नीट धरायला काय झालतं? फुकटचं खायचं आन वर नखरे."

"नखरे न्हाईत, मालक," कडूबाई म्हणाली. "परळ इथं ठिवते. जवळून वाढा, एवढंच." तिने ते ओट्याच्या कडेवर ठेवलं.

बसवंतरावांनी काठीने ते खाली लोटलं. परळ फुटलं. "उद्यापास्नं हिला दासोह बंद. दया करावी तर डोक्यावर बसायलेत."

"सासू उपाशी हाय. घेतल्याबिगर मी जात न्हाई." कडूबाई हलली नाही. पंगतीतले सगळे आपापल्या ताटात बघू लागले.

मित्रांनो, भांडी घासा, वेळेवर कल्हई करा, ही माझी विनंती आहेच. पण आम्हाला कशासाठी वाकवता, कशासाठी लांबवता, तेही कधी विचारत जा.

महादेवीने मला खाली टाकलं. आपला स्वतःचा तांब्या आंबिलीने भरला, पायऱ्या उतरली आणि कडूबाईच्या हातात दिला.

"अगं, तुझ्याच हाताच्या काळजीनं मी दांडा लांब केला," बसवंतराव म्हणाले.

"न्हाई, मामंजी," महादेवी म्हणाली. "तुमाला तिचा विटाळ वाटतो. आजवर मलाबी वाटायचा."