पाणी इथवर आलं होतं

मी एक जुनी मोजपट्टी आहे, मित्रांनो. नदीकाठच्या पंपघराच्या दाराशेजारी भिंतीवर ठोकलेली. पाणी किती चढलं ते माझ्या आकड्यांवर वाचतात. काम मानाचं, पण खरं सांगते, मी पहिल्यापासून भित्री. पाणी पायाला लागलं की मला पळून जावंसं वाटतं.

कारखान्यात पत्रा कापून, पांढरा रंग देऊन मला घडवलं. मी इथे आले त्याच वर्षी मोठा पूर आला. तो ओसरल्यावर खात्याच्या साहेबांनी माझ्या पाच फुटांच्या आकड्यावर लाल रेघ मारून घेतली आणि शेजारी लिहिलं, ‘हाय वॉटर मार्क’, म्हणजे पुराची खूण. केवढं कौतुक झालं तेव्हा माझं! पुढे मात्र वर्षानुवर्षं कोणी साधं फडकंही मारलं नाही.

पंपवाला तेवढा ती रेघ सगळ्यांना दाखवायचा. “याच्या वर पाणी येतच नाही. साहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवलंय!” मागच्या खोलीत त्याचा संसार. तिथे त्याने रेघेच्या एक वीत वर फळ्यांचा माळा ठोकला. पाणी वाढलं की अंथरुणाला खिळलेल्या आईला त्यावर झोपवायचा. अरे बाबा, पाणी इथवर आलं होतं, एवढंच मी सांगते. इथे थांबेल, असं कधी म्हटलं मी?

यंदा भर दुपारी पाणी आत शिरलं. तीन फूट. साडेतीन. चार. माझे आकडे एकेक करून बुडत होते.

“अहो, शेजारच्या उंच पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चला!” बायको ओरडली.

“अजून रेघ लांब आहे. साहेबांनी...”

“साहेबांनी नुसता रंग लावला! रेघ पाण्यानेच ओढली ना? मग आणखी वर ओढायला ते तुम्हाला विचारणार आहे?”

तेवढ्यात माळ्यावरून म्हातारी खेकसली, “मेल्या, ऐक की तिचं! मला बुडवतोस काय?”

त्याने आईला पाठुंगळी घेतलं. सुनेने मागून आधार दिला. तिघं जिना चढली आणि थोड्याच वेळात माझी लाल रेघ बुडाली. मग माळाही बुडाला. मित्रांनो, तो रिकामा होता म्हणून बरं!

पाणी ओसरल्यावर रंगारी आला. सात फुटांवर नवी रेघ मारून गेला. पंपवाला कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. “आता कशाची भीती!” म्हणाला.

आज सकाळपासून आत हातोडीचा आवाज येतोय. नव्या रेघेच्या वर तो फळ्या ठोकतोय. मला तोंड नाही. मित्रांनो, तुम्हाला आहे. पळा, त्याला सांगा!