दारातला वजनकाटा

मित्रांनो, दवाखान्याच्या मागच्या खोलीत, कापसाच्या खोक्यांशेजारी जो लोखंडी वजनकाटा उभा आहे, तो मी. जुना झालोय, पण मोडीत निघालेलो नाही. मला अडगळीत टाकलं म्हणून हळहळू नका. मी इथे खुशीत आहे.

नवा होतो तेव्हा माझा तोरा काही विचारू नका. मला थेट दारात ठेवलं होतं. खोकला असो की कानदुखी, प्रत्येकाने आधी माझ्यावर चढायचं, हा नियम. कंपाउंडरभाऊ आकडा वाचायचे आणि आत डॉक्टरीणबाईंना ऐकू जावा म्हणून मोठ्याने सांगायचे. बाकावरचे सगळे तो ऐकायचे. माझ्या चोखपणाचं कौतुक व्हायचं आणि मीही फुगून जायचो.

समोर लाँड्रीवाल्या काकू राहायच्या, अंगाने चांगल्याच भरलेल्या. त्यांची पन्नाशी उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना एक छोटी डबी दिली. त्यात शौचाचा थोडासा नमुना आणून द्यायचा. डोळ्यांना न दिसणारं रक्त त्यात आहे का, ते तपासतात. आतड्याचा कॅन्सर त्यामुळे लवकर सापडू शकतो.

काकू डबी घेऊन आल्या. भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. काकू चढल्या. "एकशे चार," भाऊंनी पुकारा केला आणि बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. काकू उतरल्या आणि डबी पिशवीतच ठेवून चालत्या झाल्या. दुसऱ्या डबीचंही तेच झालं. मला भयंकर राग आला. आकडा माझा होता, पण तो ओरडून सांगा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी काकू दारातच थांबल्या.

"आधी काट्यावर," भाऊ म्हणाले.

"नाही चढणार," काकू म्हणाल्या. "माझं वजन मला ठाऊक आहे, रोज मीच वागवते ते. डबी घ्यायची तर घ्या. नाहीतर कागदावर लिहून द्या, काट्यावर चढली नाही म्हणून तपासणी केली नाही. आणि खाली सही करा."

हे आतपर्यंत ऐकू गेलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, त्यांनी डबी स्वतः हातात घेतली आणि भाऊंना डब्यांची आणि वजनांची नोंदवही उघडायला लावली. डबी नेऊन परत न आलेल्या अकरा जणांपैकी नऊ जण काकूंसारखेच अंगाने जड होते.

"वजन जास्त असलं की या आजाराचा धोका वाढतो, भाऊ," त्या म्हणाल्या. "ज्यांनी आधी यायला हवं, त्यांनाच आपण दारातून परत धाडतोय."

त्याच दुपारी मला इथे आणलं. आता गरज असेल तेव्हाच वजन होतं, तेही दार लावून.

काकूंच्या नमुन्यात रक्त निघालं. मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीने पाहिलं, तर आतड्यात एक गाठ होती. अजून बिघडली नव्हती, पण पुढे कॅन्सर झाला असता. ती तिथल्या तिथे काढली. पंधरवड्यात काकू पुन्हा इस्त्रीला उभ्या राहिल्या.

मित्रांनो, मला फक्त किलो कळतात. पोटात काय चाललंय ते मला दिसत नाही आणि माणसाची लायकी ठरवायला मी कोण? तुमच्या घरी आई, मामा, आत्या कुणी लाजेपोटी डबी कपाटात ठेवून बसलं असेल, तर त्यांना आजच घेऊन निघा. दारात माझा एखादा भाऊबंद आडवा आला, तर त्याला खुशाल वळसा घाला आणि आत जा.